लक्षात राहणारं भाषण, महागात पडणारं भाषण

लंडनला भारतातून पाहुणे आले की त्यांना किंग हेन्रीज रोडवर न्यायचं काम तुमच्याकडेही कधीतरी आलं असेल. चॉक फार्म स्टेशनवर उतरायचं, थोडं चालायचं, दहा नंबरच्या घरासमोर फोटो काढायचे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं. घर बघून झालं की प्रिमरोझ हिलवर बसून थर्मासमधला चहा. मी आतापर्यंत पाच वेळा पाहुणे नेलेत. हा माणूस या शहरात बोलला काय, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. पहिल्या चार खेपांना मीही नाही.

बोलला ते छापलेलं आहे. २० नोव्हेंबर १९३०, सेंट जेम्स पॅलेस, पहिली गोलमेज परिषद. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ते भाषण आहे. चहा निवायच्या आत वाचून होईल एवढंच.

मी त्या भाषणापर्यंत पोहोचले ती वाट मात्र फारशी अभिमानाची नाही. आमच्या विद्यापीठाने पोस्टडॉक मंडळींसाठी एक कार्यशाळा ठेवली होती: ‘लक्षात राहणारं बोलायचं कसं?’ प्रशिक्षक उत्साही होते. त्यांचं म्हणणं असं की, लोक तुमचे आकडे विसरतात, तुम्ही केलेलं धाडस विसरत नाहीत. म्हणून व्यासपीठावरून खाली उतरा. सुरुवातीला अर्धा मिनिट गप्प उभे राहा. काहीतरी करा, जे त्या खोलीत आजवर कुणी केलं नाही.

मी नदीच्या गाळातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोजते. पुढच्याच विभागीय सेमिनारला मी गाळ मिसळलेलं पाणी काचेच्या ग्लासात ओतलं, ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तीस सेकंद तशीच उभी राहिले. खोली चिडीचूप. प्रयोग यशस्वी झाला, म्हणजे इतका की वर्षभर मी कॉफीच्या रांगेत ‘ती ग्लासवाली’ म्हणून ओळखली जात होते. त्या दिवशी मी काय सांगितलं होतं, हे मात्र एकालाही आठवत नव्हतं. एकाने तर विचारलं, प्यायलीस का शेवटी?

तुम्ही हसाल, पण आपल्यापैकी बहुतेकांचं वक्तृत्वाचं शिक्षण याहून फार वेगळं झालेलं नाही. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ हे वाक्य झोपेत उठवलं तरी म्हणू. भाषण सर लिहून द्यायचे, आई पाठ करून घ्यायची, कुठल्या शब्दाला मूठ वळायची आणि कुठे आवाज खाली आणायचा हे बाई बसवून घ्यायच्या. मला तालुका पातळीवर दुसरा क्रमांक मिळाला होता, विषय ‘पर्यावरण वाचवा’. आज आठवून बघते तर त्या सभागृहात माझ्याशी मतभेद असणारा एकही माणूस नव्हता. सगळे आधीच पर्यावरण वाचवायच्या बाजूचे होते. आम्ही आवाजाची मेहनत केली, पाठांतराची केली. समोरच्याला नको असलेलं बोलायची केली नाही.

कार्यशाळेतल्या सल्ल्याला एक मजबूत उदाहरण मिळतं, ते आधी सांगून टाकते, कारण विज्ञानातल्या लोकांना ते पाठ असतं. १९८३ साली लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद होती. जाइल्स ब्रिंडली नावाचे लंडनचे शरीरशास्त्रज्ञ तिथे नपुंसकत्वावरच्या एका औषधाबद्दल बोलायला उभे राहिले, अंगात ट्रॅकसूट. त्यांनी ते औषध हॉटेलच्या खोलीत स्वतःलाच टोचून घेतलं होतं. व्याख्यान देऊन कुणाला कामोत्तेजना होत नाही, तेव्हा परिणाम औषधाचाच, असा त्यांचा युक्तिवाद. आणि मग त्यांनी पँट खाली केली आणि तपासून घ्या म्हणत श्रोत्यांत उतरले. पुढच्या रांगांत डॉक्टरांच्या बायका संध्याकाळच्या पोशाखात बसलेल्या. आरडाओरडा झाला, व्याख्यान तिथेच संपलं. लोक हा किस्सा पँटसाठी सांगतात. माझ्या मते तो पुराव्याचा किस्सा आहे. नुसती छायाचित्रं दाखवली असती तर शंका घ्यायला जागा राहिली असती. ब्रिंडलींची पँट काढून घेतली तर युक्तिवाद अर्धा होतो. माझा ग्लास काढून घेतला तर माझ्या सेमिनारचं काहीही बिघडत नाही. धाडस आणि तमाशा यांतला फरक ओळखायला मला ही कसोटी तेव्हापासून पुरली आहे.

आता सेंट जेम्स पॅलेस.

प्रसंग नीट डोळ्यांपुढे आणा. आठ दिवसांपूर्वी, १२ नोव्हेंबरला, बादशहा पंचम जॉर्जनी परिषदेचं उद्घाटन केलेलं. अध्यक्षस्थानी पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड. संस्थानिक, जमीनदार, सर तेजबहादूर सप्रू, जिना, आगाखान, आपल्याकडचे बॅरिस्टर जयकर आणि डॉ. मुंजे. बडोद्याचे सयाजीरावही परिषदेला आलेले, ज्यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले होते. काँग्रेसने बहिष्कार घातलेला, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात. आंबेडकर एकोणचाळीस वर्षांचे. त्यांना आणि मद्रासच्या रेट्टमलै श्रीनिवासन यांना अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून सरकारनेच नेमलेलं.

या नेमणुकीतच सापळा होता. यजमानांची अपेक्षा काय असणार? या गृहस्थांनी उठावं, सवर्णांनी केलेल्या अन्यायाचा पाढा वाचावा आणि इंग्रज आहेत म्हणून आम्ही जगतो आहोत असं म्हणून खाली बसावं. तसं बोलले असते तर त्यातलं अन्यायाचं प्रत्येक वाक्य खरंच असतं. आणि भारतात काँग्रेसवाले तर वाटच बघत होते: सरकारी माणूस, सरकारचंच बोलणार. म्हणजे दोन्हीकडच्या लोकांनी त्यांचं भाषण आधीच लिहून ठेवलं होतं.

ते उभे राहिले आणि सुरुवात केली आकड्याने. आपण चार कोटी तीस लाख माणसांच्या वतीने बोलतो आहोत, ब्रिटिश हिंदुस्थानच्या एकपंचमांश लोकसंख्येच्या वतीने. आणि मग श्रोत्यांच्या घरची तुलना: ही संख्या इंग्लंड किंवा फ्रान्सच्या लोकसंख्येएवढी आहे. तोवर ‘एक अल्पसंख्य गट’ म्हणून ऐकायला बसलेल्या इंग्रजाला पहिल्या दोन मिनिटांत समोर एक देश दिसतो. आवाज चढवायची गरजच नाही.

मग ते म्हणतात की सध्याची नोकरशाही जावी आणि लोकांचं, लोकांनी चालवलेलं सरकार यावं, हे मी अस्पृश्यांच्या बाजूने मांडतो आहे आणि याचं काहींना आश्चर्य वाटेल. श्रोत्यांच्या मनात काय चाललं आहे, हे ते स्वतःच उच्चारतात. पुढे इंग्रजांचं जे श्रेय आहे ते देतात: शेकडो वर्षांच्या जुलमातून सोडवणारे म्हणून आमच्या लोकांनी तुमचं स्वागत केलं, तुमच्या लढाया लढल्या. यजमान सैलावले असणार. आणि इथे चार प्रश्न येतात. तुम्ही येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. आता येतं का? देवळात जाता येत नव्हतं; आता येतं का? पोलिसात घेत नव्हते. आता घेता का? सैन्यात जागा नव्हती. आता आहे का? यांपैकी एकाचंही उत्तर हो असं देता येत नाही, हे सांगून ते थांबतात. दीडशे वर्षं राज्य करून जखम जिथल्या तिथे आहे.

वक्तृत्वाच्या पुस्तकात याला प्रश्नांची मालिका म्हणतील आणि पुढे जातील. मला ती मालिका वाचताना दुसरंच दिसलं. विहिरीचा प्रश्न विचारणाऱ्याने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं आणि १९३० मध्ये त्याची कोर्टकज्जी अजून संपायची होती. देवळाचा प्रश्न विचारणाऱ्याचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नाशिकला सुरू झाला होता आणि दार उघडलेलं नव्हतं. पोलीस आणि सैन्यभरतीची मागणी त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे लेखी मांडली होती. आणि सैन्याचा प्रश्न तर घरातला. वडील रामजी सुभेदार. ज्या फौजेत ते चढत गेले, तिचे दरवाजे १८९० च्या दशकात महारांना बंद झाले. चारही प्रश्नांची उत्तरं या माणसाने आधी जाऊन, दार ठोठावून आणलेली होती.

आणखी एक गोष्ट, जी भाषण ऐकणाऱ्याला दिसली नसेल. हीच भूमिका आंबेडकरांनी ८ ऑगस्टला नागपूरला, अस्पृश्य वर्गाच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून मांडली होती. लंडनला जे बोलायचं ते आधी आपल्या लोकांसमोर बोलून घेतलं. इंग्रजांच्या तोंडावर त्यांना धक्का देणं हा हेतू असता तर नागपूरला गप्प बसणं अधिक सोयीचं होतं. धक्का ताजा राहिला असता. धाडस म्हणजे ऐनवेळी सुचलेलं काहीतरी, असं आपण समजतो. हे धाडस तीन महिने छापील स्वरूपात हिंडत होतं.

या भाषणाची टीकाही करायला हवी. मधला भाग, घटनेच्या तरतुदींचा, आज रुक्ष वाटतो. ते वकिली मांडणीत शिरतात तेव्हा वाक्यं लांबतात. पण जमीनदार जनतेला पिळतात, भांडवलदार पोटापुरती मजुरी देत नाहीत हे सरकारला दिसतं आणि तरी ते हात घालत नाही, हे ते जमीनदारांच्याच उपस्थितीत म्हणतात, तेव्हा पुन्हा सरळ होतात. शेवटी तर ते यजमानांना सांगतात की तुम्ही निवडायचं आणि हिंदुस्थानने स्वीकारायचं हा काळ गेला. त्या दालनात मित्र म्हणता येईल असा एकही गट त्यांनी शिल्लक ठेवला नाही.

कुणी म्हणेल, बाई, तोंडावर कटू बोलणं म्हणजेच थोर वक्तृत्व का? नाही. याच लंडनमध्ये तेहतीस वर्षं आधी दुसऱ्या एका मराठी माणसाने यजमानांना कटू सुनावलं होतं आणि ते अंगावर आलं होतं. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला आले. वय तीस पूर्ण. खर्चाच्या आकड्यांवर उलटतपासणीत ते टिकले, कारण आकडे त्यांचे पाठ होते. त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रं येत होती. प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरात घुसत होते, हे खरंच होतं. पण काही पत्रांत दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचं होतं आणि गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियनला सांगितलं. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेलेल्या. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी ते सिद्ध करायला पुढे येऊ शकलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. नावं मात्र उघड केली नाहीत.

पुण्याने त्यांना भित्रे ठरवलं आणि अजूनही आपल्याकडे ती माफी हळू आवाजात सांगितली जाते. मला तो न्याय पटत नाही. धाडस त्यांच्याकडे होतं. पुरावा दुसऱ्यांच्या हातात होता आणि मध्ये समुद्र होता. तोच माणूस पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्याला वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला. सरकार शिलकीबद्दल स्वतःची पाठ थोपटत होतं. गोखल्यांनी सरकारचेच हिशेब घेऊन दाखवलं की दुष्काळात होरपळलेल्या देशात ही शिल्लक म्हणजे भरभराटीची खूण नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, एवढाच तिचा अर्थ. हातवारे नाहीत, चढा सूर नाही. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एका भाषणाने तो आला असं मी म्हणणार नाही, पण गोखल्यांचं नाव त्या दिवसापासून देशभर झालं. या वेळी प्रत्येक आकडा त्यांनी स्वतः पडताळलेला होता.

इतकं सांगितल्यावर माझं सांगायला हवं. प्रमाण फार लहान आहे, हे धरूनच वाचा.

ग्लासच्या प्रकरणानंतर दीड वर्षाने मला आमच्याच जुन्या आकड्यांत खोट सापडली. प्रयोगशाळेत कोरा फिल्टर उघडा ठेवला तरी त्यावर तंतू जमत होते, आणि त्यांचे रंग आम्ही हिवाळ्यात घालतो त्या फ्लीसच्या जॅकेटांशी जुळत होते. म्हणजे नदीतलं म्हणून मोजलेलं काही प्लास्टिक आमच्या अंगावरचं होतं. छापलेले आकडे फुगलेले होते. परिषद तीन आठवड्यांवर, माझा करार संपायला पाच महिने, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. हे गणित तुम्हाला समजावून सांगायला नको.

कार्यशाळेच्या हिशेबाने हे व्यासपीठावरच फोडायला हवं होतं, काय लक्षात राहिलं असतं! मी प्राध्यापकांना आधी सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, पुन्हा मोज. पुन्हा मोजलं, तेच आलं. परिषदेत बारा मिनिटं मिळाली. ते पहिल्या रांगेत बसले होते. मी पहिल्याच स्लाइडवर आमच्या निबंधाचं नाव टाकलं आणि त्यातला कुठला तक्ता चुकला आहे ते सांगितलं. माझा आवाज कापत होता. नंतर एका प्रयोगशाळेने थंड सुरात एक ईमेल पाठवला, दोन जणांनी कोरे नमुने कसे ठेवले ते विचारलं. करार संपला, पुढचा दुसऱ्या शहरात मिळाला. तिथे मला कुणी ग्लासवाली म्हणत नाही.

व्यासपीठ गमावण्याची किंमत किती असू शकते, याचं टोक बघायचं तर पुन्हा आंबेडकरच. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बोलावलं, भाषण आधी मागवून वाचलं आणि काही मजकूर गाळायला सांगितला. त्यांनी स्वल्पविरामही हलवायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, दीड हजार प्रती, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. न केलेलं ते भाषण आज जगभर वाचलं जातं.

आमच्या गावच्या मराठी मंडळाने या एप्रिलच्या कार्यक्रमात मला ‘बाबासाहेबांचं लंडनमधलं घर’ या विषयावर आठ मिनिटं दिली आहेत. मंडळाच्या ताईंचा फोन आला होता. फोटो भरपूर लाव गं, मुलं असतात समोर, आणि वादाचं काही नको.

वादाचं म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. या देशात २०१३ च्या कायद्याने भेदभावविरोधी तरतुदींत जात घालायचं ठरलं होतं आणि २०१८ मध्ये सरकारने, न्यायालयांचे निवाडे पुरेसे आहेत म्हणत, तो बेत सोडला. त्या वादात आपल्या समाजातले किती जण ‘इथे जात आहेच कुठे’ असं म्हणत होते, ते तुम्ही ऐकलं असेल. आणि त्याच मंडळात नवीन कुटुंब आलं की पहिल्या दहा मिनिटांत आडनाव, गाव आणि मग जरा थांबून ‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ हेही ऐकलं असेल. माझं आडनाव असं आहे की मला तो तिसरा प्रश्न कधी कुणी विचारत नाही. म्हणजे माझा धोका आंबेडकरांच्या धोक्याच्या जवळपासही नाही. फार तर दिवाळी फराळाच्या यादीतून नाव जाईल.

मी ताईंना तेव्हाच सांगितलं, ऐनवेळी नाही. घराचे फोटो दाखवीन, पण सेंट जेम्स पॅलेसमधले चार प्रश्न सांगीन आणि पाचवा आपल्या हॉलबद्दल विचारीन. तो तिसरा प्रश्न आपण का विचारतो, हा.

पलीकडे शांतता. मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“आठ मिनिटांत बसेल का?” ताईंनी विचारलं.